पुलावर बॉम्ब आहे, म्हणजे आज शाळेला उशीर : 'डेरी गर्ल्स'

खारीबिस्कीट

गेल्या आठवड्यात घरात सगळ्यांना एकामागून एक ताप आला आणि त्या निमित्ताने 'डेरी गर्ल्स' तिसऱ्यांदा बघून झाली. इथे शोधलं तर स्वतंत्र धागा दिसला नाही. 'सध्या काय बघताय' वाल्या मारुतीच्या शेपटाएवढ्या बाफमध्ये दोन-तीन ओळी तेवढ्या सापडल्या. म्हणून हा काढतेय.

माहिती आधी उरकते. चॅनल ४ ह्या ब्रिटिश वाहिनीवर जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाली, मे २०२२ मध्ये संपली. तीन सीझन, १९ भाग, शेवटचा सोडला तर भाग छोटेच. मी नेटफ्लिक्सवर पाहिली. लेखिका लिसा मॅगी स्वतः डेरीची आणि गोष्ट तिच्या शाळकरी वयातल्या डेरीची, म्हणजे उत्तर आयर्लंड, १९९०चं दशक. एरिन, तिची मावसबहीण ओर्ला, सतत धास्तावलेली क्लेअर, तोंडाला कुलूप नसलेली मिशेल आणि मिशेलच्या नात्यातला, इंग्लंडमध्ये वाढलेला जेम्स. जेम्सला ह्या चौघींबरोबर मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलाय, कारण मुलांच्या शाळेत पाठवला तर त्याच्या इंग्रजी उच्चारांपायी तो पहिल्याच दिवशी मार खाईल अशी सगळ्यांची खात्री. मुलींच्या शाळेत मुलांसाठी संडासच नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. पहिल्या भागात त्याचे जे हाल होतात ते मी लिहीत नाही, तुम्हीच बघा.

ह्या पाच जणांचा उद्योग एकच : शक्कल लढवणे. शाळेची पॅरिसला सहल निघते. वर्गातल्या श्रीमंत मुलीच्या नावावर 'ट्रस्ट फंड' असतो. हे ऐकून एरिन घरी जाऊन विचारते की माझा कुठाय? तो कुठेच नसल्यामुळे नोकरी शोधायची ठरते. चिप्सच्या दुकानात नोकऱ्यांच्या चिठ्ठ्या लावलेला फलक असतो. आता बाकीच्या कुणी ह्या चिठ्ठ्या वाचल्या तर स्पर्धा वाढणार, नाही का? मिशेल सबंध फलकच भिंतीवरून उचलून बाहेर नेते. पकडले जातात. दुकानाची मालकीण फिओनुला सगळ्या घरावरच बंदी घालते. आणि इथे खरी आपत्ती कोसळते, कारण शुक्रवारी संध्याकाळी चिप्स आणले नाहीत तर एरिनच्या आईला स्वयंपाक करावा लागणार! मग भरपाई म्हणून पोरं दुकान साफ करायला जातात आणि वरच्या मजल्यावर मालकिणीच्या घरातले पडदे पेटवून येतात.

माझं म्हणणं असं की ह्या मालिकेची सगळी गंमत भीतीच्या उतरंडीत आहे. रस्त्यावर बंदूकधारी ब्रिटिश सैनिक आहेत, चौक्या आहेत, बातम्यांत रोज काहीतरी उडालेलं आहे. पण ह्या पोरांना सैनिकाची भीती वाटत नाही. शाळेच्या बसमध्ये तपासणीला सैनिक चढतो तेव्हा मिशेलच्या मनात तो दिसायला किती बरा आहे एवढंच. भीती वाटते ती शाळेच्या मुख्याध्यापिका ननची, सिस्टर मायकलची. आणि सिस्टर मायकलपेक्षाही आईची. पहिल्याच भागात पुलावर बॉम्ब सापडल्याची बातमी येते. आईला काळजी ही की सुट्टीभर घरात लोळलेली कार्टी आता शाळेत जाणार नाहीत की काय. सारामावशीची तक्रार वेगळी. तिला त्वचा तांबूस करून घ्यायला बाराची वेळ मिळालीय आणि ह्या बॉम्बमुळे ती हुकणार.

कुणी पाहिलीय? बोला.

टवाळ_कारटा

शीर्षक घाईत वाचलं. मला वाटलं दूध डेअरीत बॉम्ब ठेवला कुणी. सहकार क्षेत्राची एवढी वाट लागली का म्हणून धावत आलो.

मालवणी_मसालो

@टवाळ, हहपुवा.

खारीताई, धाग्याबद्दल आभार. माझी अत्यंत आवडती. पण पहिले दोन भाग इंग्रजी सबटायटल लावूनही डोक्यावरून गेले होते. ही माणसं इंग्रजी बोलतात हे कळायलाच दहा मिनिटं लागली. नंतर कान सरावला. त्यांचा तो 'वी' शब्द आहे ना, प्रत्येक गोष्टीच्या आधी लावतात. वी चहा, वी सँडविच. जेम्स तर सगळ्यांसाठी 'तो वी इंग्लिश पोरगा'च. शब्दशः अर्थ छोटा, पण वस्तू छोटी असायची काही गरज नाही. मला एकदम आजी आठवली. 'वायच बस', 'वायच च्या घे', 'वायच ऐक माजा'. ते वायच ऐकायला बसलं की दीड तास जायचा. 'वायच'चं इंग्रजी भाषांतर 'वी', एवढा शोध ह्या मालिकेने मला लावून दिला, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.

अजून एक. एरिनचा आजोबा आणि बाबा. आजोबा जावयाला उघड उघड नालायक म्हणतो, इतकी वर्षं एका घरात राहून. आणि जावई बिचारा चहा करतो. आमच्या वाडीत अशी एक जोडी होती. दोघे एकमेकांशी बोलायचे ते कुत्र्यामार्फत.

पाल_चुकचुकली

सिस्टर मायकलसाठी आले. शाळेच्या सभेत तिच्या चेहऱ्यावर जो कंटाळा असतो तो अभिनय वाटतच नाही. कोणी मुलगी रडत काही सांगायला आली तर ही मान तिरकी करून अशी बघते की रडणं आपोआप थांबावं. शुक्रवारी हिचा ज्युडोचा वर्ग असतो, आणि गाडी कुठली, तर डीलोरियन! पंखासारखी दारं वर उघडणारी. ह्यात एक जास्तीची गंमत लपलीय : ती गाडी बनायचीच बेलफास्टच्या बाहेर डनमरीला. १९८१-८२ मध्ये, नऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि कारखाना बुडाला. म्हणजे नन बाई स्थानिक उद्योगाला आधार देत होत्या म्हणायचं.

शिवॉन मॅकस्वीनीला ह्या भूमिकेसाठी २०२३ चं बाफ्टा मिळालं. क्लेअर म्हणजे 'ब्रिजर्टन'मधली पेनेलोपी हे इथे सगळ्यांना माहीत असेलच. पहिला सीझन लागला तेव्हा निकोला कॉगलन एकतीस वर्षांची होती. दप्तर घेऊन किंचाळत पळताना कुठून एकतीस दिसते?

शंकासूर

मी थोडा विरोधी सूर लावतो, मालिका आवडूनही.

उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या, 'ट्रबल्स' म्हणतात त्या काळात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. डेरीतच, बॉगसाइड भागात, ३० जानेवारी १९७२ ला मोर्च्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, जखमींपैकी एक नंतर. एरिनच्या आईची पिढी तेव्हा शाळकरी वयाची. हे सगळं विनोदी मालिकेची पार्श्वभूमी म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं लटकवून ठेवायचं, हे मला जरा सोयीचं वाटतं. बसमधला सैनिक फक्त देखणा. गाडीच्या डिकीत लपून सीमा ओलांडू पाहणारा आयआरएवाला (ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचललेल्या संघटनेतला) फक्त विनोदी. बाहेरच्या प्रेक्षकाला, म्हणजे तुम्हा-आम्हाला, हे गोड गोड होऊन मिळतं. तिकडे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना कसं वाटत असेल?

खारीबिस्कीट

@शंकासूर, मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही.

(पुढे पहिल्या सीझनचा शेवट फोडतेय, न पाहिलेल्यांनी हा प्रतिसाद ओलांडून जा.)

सहाव्या भागाचा शेवट आठवा. शाळेत कलागुणदर्शन चाललंय. ओर्ला स्टेजवर एकटीच तिचं ते स्टेप एरोबिक्स करतेय, अगदी मनापासून, आणि सभागृह हसतंय. बाकीचे चौघे पडद्यामागून बघतात, आणि एकेक जण स्टेजवर येऊन तिच्याबरोबर तेच वेडेवाकडे हातवारे करायला लागतो. त्यात त्यांची शक्कल नाही, फायदा नाही, उलट शाळाभर हसं होणार. आणि मध्येच कॅमेरा घरी जातो. टीव्हीवर स्फोटाची बातमी. आई, मावशी, आजोबा उभ्याउभ्याच बघताहेत. जावयाला पहिल्या भागापासून पाण्यात पाहणारा आजोबा काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. संवाद नाही. पोरं तिकडे नाचताहेत, त्यांना अजून काही कळलेलंच नाही.

सहा भाग ज्या गोष्टीला वाहतुकीचा खोळंबा म्हणून दाखवलं ती ह्या दोन मिनिटांत अंगावर येते. आधीचे सहा भाग हसवलं नसतं तर आली नसती. कॅलेंडर म्हणालात ना, ते कॅलेंडर भिंतीसकट पडतं तिथे.

शेवग्याची_शेंग

+१ खारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाणं संपून नावं वर जाईपर्यंत उठले नव्हते. ते क्रॅनबेरीज बँडचं गाणं आता कुठेही लागलं की तोच स्टेज दिसतो.

लागानकाठ

बेलफास्टमधून टंकतोय, इथे येऊन अकरा वर्षं झाली. शंकासूर ह्यांनी विचारलंय म्हणून, आणि जरा हात सैल सोडून.

डेरी इथून दीड-दोन तासांवर. पहिली अडचण नावाचीच. कॅथलिक-राष्ट्रवादी (एकसंध आयर्लंड हवं असलेली) मंडळी डेरी म्हणतात, प्रोटेस्टंट-युनियनवादी (ब्रिटनबरोबरच राहायचं असलेली) लंडनडेरी. नगर परिषदेने १९८४ मध्ये स्वतःच्या नावातलं लंडन काढलं, पण शहराचं अधिकृत नाव तेच राहिलं. रेडिओवर बातम्या देताना दोन्ही नावं मध्ये 'तिरकी रेघ' (इंग्रजीत 'स्ट्रोक') घालून म्हणायची कसरत चालायची, म्हणून जेरी अँडरसन नावाच्या तिथल्याच रेडिओवाल्याने शहराचं नाव 'स्ट्रोक सिटी' पाडलं. हमरस्त्यावरच्या पाट्यांवर 'लंडन' एवढीच अक्षरं रंगाने पुसलेली मी पाहिलीत, फार सफाईने. मालिकेचं नुसतं शीर्षक वाचूनच इथल्या माणसाला कळतं की गोष्ट कुठल्या बाजूच्या पोरींची आहे.

नोकरीला लागलो तेव्हा अर्जाबरोबर एक वेगळा कागद आला : तुम्ही प्रोटेस्टंट समाजातले, कॅथलिक समाजातले, की दोन्हीतले नाही? थट्टा नाही, कायदा आहे. नोकरी देताना भेदभाव होऊ नये म्हणून मालकाला ही नोंद ठेवावीच लागते. तुम्ही खूण केली नाहीत तर तुमची प्राथमिक शाळा कुठली ह्यावरून अंदाज बांधता येतो. माझी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, तालुका कराड. बांधा अंदाज. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच दिवशी मला तो इथला जुना विनोद ऐकवला : हिंदू आहेस ते ठीक, पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?

आता दुसऱ्या सीझनचा पहिला भाग. दोन्हीकडच्या पोरांना मैत्री व्हावी म्हणून एकत्र शिबिराला नेतात. फादर पीटर फळ्यावर दोन रकाने आखतो, साम्य आणि फरक, आणि आपल्यात सारखं काय आहे ते सांगा म्हणतो. पोरं भराभरा फरक सांगत सुटतात. प्रोटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात. प्रोटेस्टंटांना आबा बँड आवडत नाही. कॅथलिकांना पुतळे फार आवडतात. फरकाचा रकाना ओसंडून वाहतो, साम्याचा कोरा. तो फळा आता खरोखर बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. मी पाहायला गेलो होतो. बाकीच्या वस्तूंपुढे लोक हळू आवाजात बोलतात. फळ्यापुढे मात्र एक म्हातारं जोडपं टोस्टरवरून भांडत होतं. बाई म्हणत होती, आपणही ठेवतो की कपाटात, आणि आपण तर कॅथलिक. बुवा म्हणाला, ते तुझ्या आईमुळे.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या वतीने मी बोलू शकत नाही. माझ्या ओळखीतल्या लोकांना मालिका आपली वाटते, एवढंच सांगतो. डेरीत ऑर्चर्ड स्ट्रीटवर एका पबच्या भिंतीवर ह्या पाच जणांचं भलंथोरलं चित्र आहे. ज्या शहरात भिंतीवरची चित्रं म्हटलं की पूर्वी मोर्चे, बंदुका आणि गेलेली माणसंच आठवायची, तिथे गणवेशातली पाच कार्टी. फोटो काढायला रांग असते.

टवाळ_कारटा

'बांधा अंदाज' _/\_

टोस्टर आमच्याकडे माळ्यावर आहे. लग्नात आला तेव्हापासून. आम्ही कोण?

मालवणी_मसालो

@टवाळ, तुम्ही कोकणस्थ.

भाऊसाहेब_निवृत्त

मालिका पाहिलेली नाही. सून पाहते, तिने हा धागा वाचायला दिला. पण भीतीची उतरंड हा शब्द वाचला आणि राहवेना म्हणून लिहितो.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मी फोर्टमध्ये बँकेत होतो. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास शेअर बाजाराच्या बाजूने आवाज आला, काचा थरथरल्या. पुढे कळत गेलं, बारा ठिकाणी स्फोट, २५७ माणसं गेली. तेव्हा काहीच कळत नव्हतं. फोन लागत नव्हते. मिळेल ते वाहन धरत, बराचसा चालत, रात्री साडेनऊला घरी पोचलो. सौ. दारातच उभी होती. संध्याकाळपासून उभी होती हे शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने हातातली पिशवी घेतली, डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "भाजी तशीच ठेवलीत. एवढी नावडती होती तर सकाळी सांगायचं होतंत." आणि आत गेली. तोंडलीची होती. बराच वेळ मोरीत नळ चालू होता.

सोमवारी कामावर गेलो. साहेबांनी पहिली चौकशी केली ती शुक्रवारच्या अर्धवट राहिलेल्या हिशेबाची.

पाल_चुकचुकली

काका.

(एवढंच लिहिते.)

शंकासूर

भाऊसाहेब, दंडवत. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण त्याचा आवाज कमी करतो.

शेवग्याची_शेंग

मी शाळेत शिकवते, आठवी ते दहावी, त्यामुळे माझी बाजू शिक्षकांची, आधीच सांगते. मालिकेत एक गोष्ट फार खरी आहे जी शाळेवरच्या बऱ्याच मालिकांत नसते. आपल्याकडे 'हिप हिप हुर्रे' होती झी टीव्हीवर, १९९८च्या सुमाराची. मी त्यावर पोसले गेलेय, तेव्हा वाईट बोलणार नाही. पण तिथली मुलं बहुतेक वेळा समंजस निघतात, शेवटी काहीतरी शिकतात. डेरीच्या पोरी काही म्हणजे काही शिकत नाहीत. परीक्षा टळावी म्हणून चर्चमधल्या मेरीच्या मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू आल्याचा चमत्कार गळी उतरवतात, आणि ते पाणी खरं तर वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याची कृपा असते. पुढच्या भागात तीच मंडळी त्याच उत्साहाने नव्या खड्ड्यात. माझ्या वर्गातल्या एका गटाने सहामाहीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतली पाल पेपरच्या गठ्ठ्यात सोडली होती. कारण विचारलं तर म्हणे, 'पेपर रद्द होईल असं वाटलं.' पाल मेलेली, फॉर्मालिनमधली. मी ओरडले, वर्गाबाहेर आले आणि स्टाफरूममध्ये डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या क्षणी मी सिस्टर मायकल होते.

आता थोडी तक्रार. तिसरा सीझन मला घसरलेला वाटतो. पहिला भाग ठीक : निकालाच्या आदल्या रात्री शाळेत घुसतात आणि चोरांनाच संगणक उचलायला मदत करतात, पुढे पोलीस अधिकारी म्हणून थेट लियम नीसन. पण रेल्वेचा भाग, भुताच्या घराचा भाग, हे कुठल्याही मालिकेत चालले असते. डेरीची गरज नव्हती त्यांना. अपवाद आयांच्या १९७७च्या आठवणींचा भाग. आपल्या आयासुद्धा अशाच उचापतखोर होत्या हे कळल्यावर पोरींना जो धक्का बसतो तो अनमोल.

खारीबिस्कीट

रेल्वेच्या भागाबद्दल भांडेन, पण नंतर. शेवटच्या भागाचं काय मत?

शेवग्याची_शेंग

शेवटचा भाग वेगळा काढून ठेवते. (फोडतेय.)

हा संघर्ष मिटवण्यासाठीचा १९९८चा गुड फ्रायडे करार, त्यावरचं २२ मेचं सार्वमत. पोरी अठराच्या झाल्यात, पहिलंच मत हे. आणि इथे पहिल्यांदा भांडण शकलीवरून नाही. करारात कैद्यांना मुदतीआधी सोडण्याचं कलम होतं. मिशेलचा भाऊ तुरुंगात आहे, त्याने माणूस मारलाय. तीन सीझन बडबड करणाऱ्या मिशेलच्या तोंडून ह्या भावाबद्दल आपण जवळजवळ काहीच ऐकलेलं नसतं. एरिनला वाटतं खुन्यांना सोडणं चूक, आणि मिशेलला भाऊ घरी हवाय. दोघीही बरोबर. वयाच्या अठराव्या वर्षी मैत्रिणीशी असं भांडायला लागणं, हे मला कुठल्याही स्फोटापेक्षा जड गेलं. शंकासूर, तुम्ही म्हणता ते 'गोड गोड' इथे नाही.

उत्तर आयर्लंडने ७१ टक्क्यांनी हो म्हटलं. मालिकेत आकडा महत्त्वाचा नाही, मतपत्रिका घडी करणारे हात दाखवलेत. सिस्टर मायकलचेही.

लागानकाठ

ते २९ टक्के इथेच राहतात, हेही लक्षात असू दे. आमच्या गल्लीत आहेत, गणपतीला मोदक खायला येतात. बेलफास्टमध्ये वस्त्यांमधल्या उंच भिंती अजून उभ्या आहेत, काहींची फाटकं रात्री बंद होतात. आणि डेरीत नदीच्या दोन तीरांना जोडणारा पादचारी पूल २०११ मध्ये झाला. तुम्ही धाग्याचं शीर्षक पुलावरून दिलंय म्हणून सांगितलं. मालिकेतल्या काळात तो नव्हता. आता संध्याकाळी त्यावर शाळेच्या पोरी कर्कश ओरडत चालत असतात. एक अक्षर कळत नाही.

टवाळ_कारटा

कालपासून पहिला सीझन संपवला. कोल्मकाकाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? बंदूकधारी येऊन त्याला रेडिएटरला बांधून त्याची गाडी घेऊन गेले, आणि हा गोष्ट अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं मला बांधा पण ह्याला थांबवा. आमचे सांगलीचे काका. डिट्टो. २००५च्या पुरात पहिल्या मजल्यावर अडकले होते. तो प्रसंग सांगायला सुरुवात करतात ती जिन्याच्या फरशीपासून, ती कुणाकडून आणली, तेव्हा भाव काय होता. पाणी यायला चाळीस मिनिटं लागतात.

मालवणी_मसालो

वायच सांगतत ते.

भाऊसाहेब_निवृत्त

सुनेने काल दोन भाग लावून दिले. उच्चार समजले नाहीत, सबटायटल भरभर जातात. सौ. शेजारी बसून निवडत होत्या, त्यांना इंग्रजी येत नाही. तरी मध्येच म्हणाल्या, "त्या आईचं बरोबर आहे." कशाबद्दल ते मला कळलं नाही. तिसरा भाग आज रात्री लावायला सांगितला आहे. रेल्वेचा भाग कितवा, ते कुणी कळवेल का? सौ.ना गाडीचे प्रसंग आवडतात.

खारीबिस्कीट

तिसऱ्या सीझनचा तिसरा, काका. आणि शेवग्याच्या शेंगेचं अजिबात ऐकू नका.